एकसष्ट क्रमांकाचे झाकण

बुधवार, १६ मार्च २०१६. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शीतगृहाच्या तिसऱ्या खोलीतून चोवीस बटाटे बाहेर काढण्यात आले. त्यांपैकी बारा एकसष्ट क्रमांकाच्या नव्या वाणाचे होते आणि बारा तुलनेसाठी ठेवलेल्या, बाजारात सर्रास मिळणाऱ्या वाणाचे. दोन्ही वाण चार अंश तापमानात चार महिने राहिले होते.

बटाटा थंडीत ठेवला तर त्याला कोंब फुटत नाहीत, पण तो गोड होतो. त्याच्यातल्या पिठाची आधी साखर होते आणि मग इन्व्हर्टेज नावाचे विकर त्या साखरेच्या एकेका रेणूचे दोन तुकडे करते. त्या तुकड्यांमुळे चकत्या तापल्या तेलात पडताच सोनेरी होण्याऐवजी तपकिरी होतात, चवीला कडवट लागतात, आणि कारखाना अख्खा ट्रक माघारी पाठवतो. थंडीत राहूनही न बिघडणारा बटाटा शोधणे हे या संशोधन केंद्राचे काम होते आणि सतरा वर्षे ते प्रामुख्याने एकाच माणसाने केले होते. केंद्रात त्यांना हळूमास्तर म्हणत. एकसष्ट हा हळूमास्तरांचा शेवटचा वाण. ते स्वतः आता घरी, खिडकीजवळच्या खाटेवर, प्राणवायूच्या यंत्राला जोडलेले होते, आणि तपासणीच्या टेबलाशी त्यांची मुलगी उभी होती.

बापाच्या वाणाची तपासणी लेकीने करावी का, असा प्रश्न समितीत एकदा निघाला होता. केंद्रप्रमुखांनी "मग दुसरं कोण आहे, ते सांगा," असे विचारले आणि प्रश्न तिथेच मिटला.

हळूमास्तर हे नाव पडले ते त्यांच्या पद्धतीमुळे. बटाट्याचा तुकडा बर्फात बसवलेल्या खलात वाटायचा, तोही बत्ता आपटून नव्हे, तर भिंतीला टेकवून फिरवत. गाळलेला रस काचकांडीने ढवळायचा, पण पृष्ठभागावर बुडबुडा दिसता कामा नये. यामागचे कारण पक्के होते. प्रथिनाला फेस सोसत नाही. बुडबुड्याच्या पातळ पडद्याशी प्रथिनाची घडी उलगडते, आणि एकदा उलगडलेले प्रथिन कामातून जाते. विकर हे प्रथिनच असल्यामुळे ज्याच्या हाताला फेस येतो त्याचा आकडा कमी येतो, असे मास्तरांनी केंद्रातल्या दोन पिढ्यांना शिकवले होते. नव्या माणसाच्या बीकरमध्ये फेस दिसला की ते म्हणत, "फेसच काढायचा असेल तर घरी जा आणि दाढी करा."

मुलगीही तशीच तयार झाली होती. त्या दिवशी तिने चोवीस बटाट्यांच्या अर्ध्या-अर्ध्या फोडी करून पहिला संच स्वतः खलात वाटला. दुसरा संच, म्हणजे उरलेल्या अर्ध्या फोडी, वाटायला घेणार तोच टेबलावरचा दूरध्वनी वाजला. आई होती.

"अगं, यंत्र शिट्टी मारतंय."

"कुठला दिवा लागलाय?"

"सगळेच लागलेत. दिवाळीच चाललीय नुसती. हे म्हणतात, काही नाही, नळी दुमडली असेल. ह्यांचं सगळं 'काही नाही'च असतं."

नळीच दुमडली होती. ती सापडेपर्यंत, सरळ होईपर्यंत आणि वडिलांचा श्वास पुन्हा लयीत आल्याचे आईच्या तोंडून ऐकेपर्यंत पाऊण तास गेला. मुलगी टेबलाशी परतली तेव्हा दुसऱ्या संचाची चोवीस बीकर रांगेत मांडलेली होती आणि प्रत्येकात बोटभर पांढरा फेस होता.

तीन आठवड्यांपूर्वी कामाला लागलेली मदतनीस शेजारी हात पुसत उभी होती. ती कुठेही चालत जात नसे, पळत जाई. म्हणून तिला पहिल्याच आठवड्यात 'तुफान' हे नाव मिळाले होते आणि तिलाही ते आवडले होते.

"झालं, ताई! सगळंच्या सगळं. तुमच्या खलात संध्याकाळ झाली असती."

"कशात वाटलंस?"

"मिक्सरमध्ये. धुऊन घेतला होता, शप्पथ."

"हा फेस बघ. बाबा काय म्हणतात माहितेय? फेस काढायचा असेल तर घरी जा आणि दाढी करा."

"मला दाढीच नाही, ताई. म्हणून इथे काढला."

मुलीला हसू आले नाही, पण एरवी ते आले असते हे तिला जाणवले. दुसरा संच वाया गेला होता. तो मोरीत ओतून देणे हाच रिवाज होता. तिने तसे केले नाही.

"फेकू नकोस. खाली बसू दे आणि माझ्या संचाबरोबर मोज. फेसाने काय होतं ते डोळ्यांनी बघ, म्हणजे जन्मात विसरणार नाहीस."

मोजण्याची रीत सोपी होती. प्रत्येक रसात ठरावीक साखर घालायची, अर्धा तास कोमट पाण्यात ठेवायचे, मग रंगद्रावण घालून उकळायचे. विकराने जितकी साखर तोडली असेल तितका गडद रंग चढतो. विकर निजले असेल तर नळी पिवळी राहते, जागे असेल तर लालसर तपकिरी होते.

पहिल्या संचाच्या नळ्या अपेक्षेप्रमाणे निघाल्या. बाजारी वाणाच्या लालसर, एकसष्टच्या फिकट पिवळ्या. एकसष्टचा आकडा आठ आला आणि मर्यादा पंधराची होती. या आठसाठी एका माणसाने सतरा वर्षे घालवली होती.

दुसऱ्या संचाच्या सगळ्या नळ्या पिवळ्या राहायला हव्या होत्या. त्या सगळ्या गडद झाल्या, आणि त्यांतल्या एकसष्टच्या कोणत्या व बाजारी कोणत्या, हे चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता येईना.

"ताई," तुफान नळीकडे डोळे बारीक करून म्हणाली, "हे मेले नाहीत वाटतं. उलट उठून बसलेत."

"मिक्सरमध्ये कोणी सरबत केलं असेल. साखर राहिली असेल आत."

"मी धुतला होता म्हटलं ना!"

मिक्सर पुन्हा धुतला. नुसते पाणी फिरवून ते मोजले. पाणी कोरे निघाले. मग मुलीने स्वतःच्या हाताने, खलात वाटलेल्या, बुडबुडा नसलेल्या रसाचा थोडा भाग बाटलीत घेतला, झाकण लावले आणि आयुष्यात प्रथमच तो खळाखळा हलवला. पांढरा फेस वर आला. तो बसल्यावर तिने मोजणी केली. हलवण्याआधी आठ होते, हलवल्यावर सेहेचाळीस झाले. बाजारी वाण फेसाआधी चाळीस होता, फेसानंतर सत्तेचाळीस.

तुफान जेवायला गेली, येऊन बसली, तरी मुलगी त्या आकड्यांकडेच पाहत होती. फेसाने प्रथिन मरते हे खरेच होते. प्रश्न एवढाच होता की कोणते.

बटाट्यात इन्व्हर्टेजबरोबर आणखी एक लहान प्रथिन असते. ते जाऊन इन्व्हर्टेजच्या तोंडात बसते आणि साखरेला आत शिरू देत नाही. बाटलीला झाकण बसावे तसे. इन्व्हर्टेज दणकट आहे, त्याला फेस सोसतो. झाकण नाजूक आहे, ते फेसात उलगडून जाते. हे जुन्या लेखांत लिहिलेले होते. मास्तरांनी ते वाचलेही होते आणि "फेसाळ लोक फेसाची वकिली करणारच," असे म्हणून अंक परत कपाटात ठेवला होता. त्यांच्या खलात झाकण कधी निखळलेच नाही, म्हणून त्यांना ते कधी दिसलेही नाही.

एकसष्टमध्ये विकर कमी नव्हते. बाजारी बटाट्याइतकेच होते. फक्त ते झाकलेले होते.

जानेवारीत काढून गोठवलेले एकसष्टचे तुकडे शीतकपाटात होते. तिने तेही दोन्ही रीतींनी मोजले. जानेवारीत एकूण विकर चोवीस, त्यातले उघडे दोन. मार्चमध्ये एकूण सेहेचाळीस, उघडे आठ. थंडीत विकर वाढतच होते. झाकणे पुरत होती तोवर बटाटा शांत दिसत होता, आणि आता ती संपत आली असावीत. मे महिन्यापर्यंत विकर सत्तरच्या घरात जाईल आणि नवे येणारे सगळे उघडेच राहील, असा तिने हिशोब मांडला. कारखाना बटाटा सहा महिने ठेवतो. केंद्रात मात्र दरवर्षी चार महिने झाले की बटाटा बियाणे म्हणून शेतात परत जात असे. सहा महिने थंडीत काढलेला एकसष्ट अजून कोणीच पाहिला नव्हता.

केंद्रप्रमुखांची खोली जिन्याच्या तोंडाशी होती. त्यांनी शिफारसपत्र आधीच तयार करून ठेवले होते. त्यावर एकच ओळ महत्त्वाची होती: 'तपासणीच्या आकड्यावरून हा वाण सहा महिने शीतगृहात ठेवण्यास योग्य आहे.' खाली तपासनिसाच्या सहीची जागा.

तिने दोन्ही आकडे सांगितले. प्रमुखांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, नियमात कोणती रीत लिहिली आहे?"

"खलाची."

"खलाच्या रीतीने किती?"

"आठ."

"मग आठ म्हणजे आठ. मिक्सरमध्ये घातलं तर मीसुद्धा निराळा निघेन." ते स्वतःच थोडे हसले आणि थांबले. "हे बघा, सोमवारी समिती बसते. तुम्ही सही केलीत तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मान्यतेचा कागद येईल. नाही केलीत तर पुढची बैठक जूनमध्ये. तुम्हाला मी काय सांगायचं? डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मास्तरांच्या हातात एकदा तो कागद पडू दे. यंदा मेमध्ये सहा महिने ठेवलेल्या बटाट्याच्या चकत्यांची तळणी आहेच. बिघडला तर तेव्हा थांबवू."

"मान्यता मिळाली की बियाणं वाटलं जाईल, सर. मेपर्यंत शेतात गेलेलं असेल."

"सोमवारी सकाळपर्यंत वेळ आहे," प्रमुख म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते मला विचारू नका. मी सही केली असती."

घरी पोचली तेव्हा ऊन खिडकीतून खाटेच्या पायथ्याशी आले होते. यंत्र एका लयीत फुसफुसत होते. खाटेशेजारच्या कपाटावर पत्र्याची एक वस्तू होती. इन्व्हर्टेजची घडण प्रसिद्ध झाली तेव्हा मास्तरांनी ती स्वतः कापून, वाकवून केली होती. चार-चार पट्ट्यांचे एक पाते, अशी पाच पाती एका वर्तुळात. मधोमध खोल नरसाळे. नरसाळ्याच्या तळाशी तीन लाल खिळे. आणि एका बाजूला एकमेकांवर ठेवलेले दोन दुमडलेले पत्रे. साखरेचा रेणू नरसाळ्यात उतरला की एक खिळा त्याला पकडतो, दुसरा त्याचा सांधा सोडवतो आणि तिसरा तो हलू नये म्हणून धरून ठेवतो, असे मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत. आई त्या वस्तूला 'वारा न देणारा पंखा' म्हणत असे आणि दर रविवारी धूळ पुसत असे.

"किती?" मास्तरांनी विचारले. हल्ली ते एका श्वासात मावेल तेवढेच बोलत.

"आठ."

आईने स्वयंपाकघरातून हात जोडत मोठ्याने "झालं बाई एकदाचं!" म्हटले.

मास्तर मुलीकडे पाहत राहिले. "आठ आला. मग चेहरा अठ्ठ्याऐंशीचा का?"

"दमलेय."

"दमलीस की जांभई देतेस. लहानपणापासून. आज दिली नाहीस."

काही न सांगण्याचे तिने वाटेत ठरवले होते. ते ठरवणे पाच मिनिटेही टिकले नाही. तिने सगळे क्रमाने सांगितले: शिट्टी, मिक्सर, फेस, गडद नळ्या. मास्तरांनी मध्ये तोडले नाही. ती संपल्यावर त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि प्रत्येक प्रश्नानंतर ते श्वासासाठी थांबत होते.

"मिक्सर धुतला होता?"

"दोनदा. पाणी फिरवून मोजलं. कोरं होतं."

"रसात आधीची साखर?"

"ती वजा केली."

"तुझ्या हातचा रस हलवलास?"

"हो."

"किती?"

"सेहेचाळीस."

मास्तरांनी डोळे मिटले. आई दारात येऊन उभी होती. तिला आकडे कळत नव्हते, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता.

"म्हणजे," मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "सतरा वर्षं मी विकर कमी असलेला बटाटा निवडत नव्हतो. चांगलं झाकण असलेला निवडत होतो."

"हो, बाबा."

"आणि मला वाटत होतं, बाटली रिकामी आहे."

मग त्यांनी डोळे उघडून कपाटावरच्या पत्र्याकडे पाहिले. "तो अंक मी वाचला होता. हसलो होतो तो लेख लिहिणाऱ्या माणसाला."

"तुम्ही एकटेच हसला नव्हता. आम्हीही हसलो होतो."

"तुम्ही माझ्यामुळे." ते थांबले. "मेमध्ये काय होईल म्हणतेस?"

तिने कागदाशिवाय हिशोब सांगितला. झाकणे संपली, की पुढचे सगळे विकर उघडे. तीस-बत्तीसपर्यंत जाईल. मर्यादेच्या दुप्पट. चकत्या काळ्या पडतील.

"जानेवारीत उघडं किती होतं?"

"दोन."

"तेव्हा झाकणं संपली होती?"

"नाही. तेव्हा भरपूर असणार."

"भरपूर असूनही दोन उघडी राहिली ना? थोडी राहतातच. मग मार्चमध्ये आठ राहिली म्हणजे झाकणं संपली, हे कशावरून?"

"संपली नाहीत हे तरी कशावरून?"

"कशावरूनच नाही." मास्तरांच्या चेहऱ्यावर क्षणभर जुनी, वर्गातली जरब आली. "दोन ठिपक्यांवरून रेघ मारलीस. असं शिकवलं होतं मी?"

"दोनच ठिपके आहेत, बाबा."

"म्हणून तिसरा हवा. तिसरा मेमध्ये."

"मे!" आई दारातून म्हणाली. "मे म्हणे! अहो, तुम्ही मेपर्यंत—" आणि तिने ओठ मिटले. पुढचे वाक्य तिघांनाही ऐकू आल्यासारखे खोलीत लटकत राहिले.

"सही तुझी आहे," मास्तर मुलीला म्हणाले. "माझी असती तर मी सांगितलं असतं. तुझी आहे, तर मला विचारू नकोस."

आईने तिला स्वयंपाकघरात गाठले. ओट्यावर चहा उकळून आटत चालला होता आणि दोघींपैकी कोणीही तो खाली उतरवत नव्हते.

"सही कर."

"आई, त्यात लिहिलंय की सहा महिने—"

"मला वाचून दाखवू नकोस. या घरात मी सतरा वर्षं बटाटे सोललेत. गोड, कडू, काळे, सगळे आपण खाल्ले. ह्यांनी एक दिवस रजा घेतली नाही. तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शेतात होते. एक कागद मागते मी, एक. तो उशाशी असावा एवढंच. मग सहा महिन्यांनी काय व्हायचं ते होवो."

"तो खोटा असला तर?"

"हे ऐकायला नसतील."

"मी असेन."

आईने चहा उतरवला. तळाशी घोटभरच उरला होता. तो तिने एका कपात ओतला आणि खोलीत घेऊन गेली. त्या दिवशी ती मुलीशी पुन्हा बोलली नाही.

सोमवारी सकाळी मुलीने शिफारसपत्र सही न करता प्रमुखांच्या टेबलावर ठेवले. सोबत दोन्ही रीतींचे आकडे आणि एक वाक्य जोडले होते: 'सहाव्या महिन्याची तळणी होईपर्यंत मत देता येत नाही.' प्रमुखांनी ते वाचले, खण उघडला आणि पत्र आत सरकवले. "बरं," एवढेच ते म्हणाले. त्या 'बरं'मध्ये राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

एप्रिलमध्ये मास्तरांनी एक काम काढले. पत्र्याच्या इन्व्हर्टेजला झाकण करायचे. झाकणाचे प्रथिन म्हणजे चार काठ्यांची मोळी आणि तिच्या एका टोकाला हुकासारखा दुमडलेला आकडा; तो आकडा नरसाळ्यात जाऊन बसतो. काठ्यांसाठी त्यांनी आईच्या विणकामाच्या चार सुया मागितल्या.

"माझा स्वेटर अर्धा आहे," आई म्हणाली.

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच."

"मग सुया दे," मास्तर म्हणाले.

आईने सुया दिल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि अर्धा स्वेटर उसवून त्याचा गुंडा करत राहिली. मास्तरांच्या बोटांत जोर नव्हता. पक्कड मुलीने धरायची, वाकवायचे कुठे ते त्यांनी सांगायचे. मोळी बांधून झाली तेव्हा त्यांनी ती स्वतः नरसाळ्यात बसवून पाहिली. पहिल्यांदा बसेना. आकडा किंचित कमी वाकवल्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज झाला आणि लाल खिळे दिसेनासे झाले.

"चांगलं बसतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मी उगाच हसलो त्याला."

त्या कामानंतर ते बटाट्याबद्दल काही बोलले नाहीत. बोलण्यासाठी लागणारा श्वास आता जेवणाला लागत होता. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी, आई औषध मोजत असताना, यंत्र चालूच राहिले आणि मास्तर थांबले. शिट्टी वाजली नाही. नळी जागच्या जागी होती.

केंद्रातले सगळे येऊन गेले. प्रमुख बराच वेळ कपाटासमोर उभे होते. निघताना मुलीला म्हणाले, "तो कागद आणून दाखवता आला असता." मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे." तुफान दारापासून खाटेपर्यंत चालत आली. तिला चालताना मुलीने तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

तळणीचा दिवस सोळा मे होता. घरात एकटी बसवत नाही, म्हणून आईही केंद्रात आली आणि प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर, पाय अधांतरी, पर्स मांडीवर घेऊन बसली. निकालाबद्दल शंका राहू नये म्हणून मुलीने चकत्यांना हात लावायचा नाही, असे ठरले होते. तिने त्या सकाळी फक्त रस काढला, अर्धा खलात आणि अर्धा हलवून, आणि नळ्या कोमट पाण्यात ठेवल्या.

तुफानने एकसष्टच्या शंभर चकत्या कापल्या, सारख्या जाडीच्या, हळू. तेल एकशेऐंशी अंशांवर आले. दहा-दहा चकत्या जाळीत घालून तीन-तीन मिनिटे. तेलाचा आवाज मोठा होता. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती. काळ्या चकत्या कशा दिसतात ते तिला माहीत होते. दोन महिने ती त्याच पाहत आली होती. एक ती मनातल्या मनात वडिलांनाही दाखवत आली होती आणि प्रत्येक वेळी ते 'बरोबर होतीस' म्हणत आले होते.

प्रमुखांनी रंगाचा तक्ता हातात धरून चकत्या दोन ताटांत वेगळ्या केल्या. एक ताट भरत गेले.

"ताई," तुफान म्हणाली, "वळा ना."

भरलेले ताट सोनेरी होते.

नळ्यांचे आकडे दुपारपर्यंत आले. एकूण विकर एकोणसत्तर. तिचा अंदाज चुकला नव्हता. उघडे मात्र अकरा. विकर वाढले होते तशी झाकणेही वाढली होती. सतरा वर्षे, न पाहता, न ओळखता, मास्तरांनी थंडीबरोबर वाढत जाणारे झाकण निवडून काढले होते. तिसरा ठिपका तिच्या रेघेवर पडला नव्हता.

आई स्टुलावरून उतरली. तिने भरलेल्या ताटातली एक चकती उचलली, उजेडाकडे धरून पाहिली आणि खाल्ली नाही, परत ठेवली.

"म्हणजे मार्चमध्ये सही केली असतीस तरी चाललं असतं."

"हो, आई."

आईने मान हलवली. पर्सचा बंद खांद्यावर सारखा केला. मग लेकीच्या बाहीला लागलेला पांढरा पिठूळ डाग तिने अंगठ्याने पुसला, बराच वेळ पुसत राहिली, आणि म्हणाली, "चल. घरी पंखा पुसायचा राहिलाय."

प्रमुखांनी खणातले शिफारसपत्र काढले होते. मुलीने सही केली. निकालाच्या रकान्यात प्रमुखांनी तिच्या देखत लिहिले: तळलेल्या चकत्या शंभर, तपकिरी चकत्यांची मर्यादा दहा, तपकिरी निघालेल्या चार.